राखण

तातेराव खिल्लारे, पूर्णा रेल्वे इन्स्टिट्यूट, नऊ नंबर.
बारा मोसम मी त्याची राखण केली,
नांदेडकडून, स्टॉपर बॅक.
आमच्यावर त्याचे गोल झाले सात.
एक नडगीला लागून गेला,
एक पाठीवर आपटून,
आणि ज्या गोलनंतर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं
तो खरं तर माझ्या टाचेचा होता.
मी बोललो नाही. तोही नाही.

डावा पाय त्याला उभं राहण्यापुरता.
हेडरला उडाला
तरी माझ्या कानाशीच यायचा.
पण चेंडू लाइनीबाहेर चाललाय,
सगळं मैदान पाठ फिरवून उभं,
कुणी मोजे वर ओढतंय, कुणी थुंकतंय,
आणि हा निघालाय त्याच्यामागं,
घरचं वासरू सुटल्यासारखा.
मग मलाही जावं लागायचं.
टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कधी दिसलं नाही
की तो एकटा पळत नव्हता.

सकाळी तो कीमन.
चुडाव्याच्या अंगाला सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं,
खांद्यावर हातोडा,
ढिली चावी दिसली की दोन ठोके.
पाचला मैदानात हजर, अंगाला ग्रीसचा वास.
हाफटाइमला त्याच्या टॉवेलात शेंगा असायच्या.
मूठभर माझ्याकडं सरकवून म्हणायचा,
"खा लेका. मला धरायचंय अजून पाऊण तास."

एका साली सिकंदराबादहून बोलावणं आलं, ट्रायलचं.
त्यानं नवी ट्रंक घेतली.
फलाटावर कुणीतरी हारही घातला म्हणतात.
सोळाव्या दिवशी ट्रंक परत.
मी विचारलं नव्हतं.
कॉर्नरची वाट बघत दोघं चिखलात उभे असताना
त्यानंच सांगितलं, खांद्याला खांदा लावून:
"म्हणले, चेंडू पायाला चिकटत नाही तुझ्या.
लांब जातो.
आता लांब जातो म्हणून तर पळूलालोय ना मी!"
मला हसू आवरेना.
तेवढ्यात कॉर्नर आला.
सातातला तो चौथा.

मग छोटी लाइन उखडली.
शेडमधली माणसं पांगली, कुणी गुंटकलला, कुणी अकोल्याला.
अकरा भरायला त्यांनी पार्सल क्लार्क उतरवला,
चष्म्यासकट.
आम्ही पाच गोलांनी पुढं.
दोन-तीन मिनिटं उरलेली,
माझ्या गुडघ्यात पाणी झालेलं,
आणि एक चेंडू निघाला झेंड्याच्या दिशेनं,
कुणाचाच नव्हता.
तो निघाला.
अडतीस वर्षांचा, पोटरीला चिंधी बांधलेला.
मी गेलो नाही.

त्यानं गाठला, लाइनीच्या वीतभर आत.
पायाखाली धरला.
समोर मोकळं रान, गोल तिरका, पण दिसत होता.
तो मात्र मागं वळून बघत राहिला,
घरात शिरल्यावर दिवा लागला नाही की बघतात तसा.
मग शिट्टी झाली.
हात मिळवताना त्यानं विचारलं, "दुखूलालं का रे लय?"
हो म्हणालो.
गुडघा खरंच दुखत होता. तरी ते खोटं होतं.

परवा परभणीत एका लग्नात,
मंगल कार्यालय, पंगतीआधीची रेटारेटी.
पुढं एक रुंद पाठ, मान जराशी डावीकडं कललेली.
टोपी होती, तरी ओळखली.
हाक नाही मारली.
आपोआप पाय सरकले माझे
आणि मी जाऊन उभा राहिलो
त्याच्या आणि दाराच्या मधे,
अर्धं पाऊल आत, जसं शिकवलं होतं.

त्यानं वळून बघितलं नाही.
हातातली अक्षता दुसऱ्या मुठीत घेतली,
आणि कोपर हळूच मागं आणून
माझ्या बरगडीला टेकवलं,
मी जागेवर आहे का बघायला.