अंशतः मंजूर

फेब्रुवारीत, बुटांवरचा बर्फ-चिखल पायरीवर झाडून
एका पोरसवद्या माणसानं ओदील थिबोदोच्या हाती समन्स ठेवलं.
सोबत चाळीस डॉलरचा चेक: साक्षीदाराचा भत्ता.
मैलांचे वेगळे.

फिर्याद तिची नाही. तिच्यावरही नाही.
एका बाजूला काठावरची अकरा घरं, दुसऱ्या बाजूला कागदाची गिरणी,
पलीकडे कॅनडा,
आणि मधे ही, जिच्या मोरीच्या खिडकीतून सेंट जॉन नदी दिसते
नि जी बत्तीस वर्षं रोज त्या पाण्याबद्दल दोन ओळी लिहिते.
शेजाऱ्यांच्याच वकिलानं मागितलं होतं:
सर्व वह्या, टिपणं, चिठ्ठ्या,
कोणत्याही स्वरूपाच्या, कोणत्याही तारखेच्या.

मी तेव्हा पेल्की वकिलांकडे टायपिंग करायचे.
ती सतरा वह्या बटाट्याच्या पोत्यात घालून आली.
पोतं टेबलावर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं.

पेल्की म्हणाले, वकील नि अशील, डॉक्टर नि रोगी,
पाद्री नि पापी, यांच्यातलं बोलणं कायदा झाकतो.
बाई नि तिची वही यांच्यातलं नाही.
मग उरतं काय?
एवढंच, की मागणं फार पसरट आहे
आणि या भांडणात ही बाई कुणीच नाही.
'कुणीच नाही' हे मी अर्जात तीनदा टाइप केलं.
तिनं वाचलं, चष्मा पुसला.
चालेल, म्हणाली.

हॅस्केल जज्जबाईंनी फिर्यादीतली तीनच वर्षं धरली.
त्या वह्या आत नेऊन एकटीनं वाचल्या.
बाहेर आल्या तेव्हा ओदीलकडे बघायचं टाळलं,
चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडल्यावर टाळतात तसं.
फक्त पाण्याच्या ओळी द्याव्यात. बाकी समन्स रद्द.
अर्ज अंशतः मंजूर.

मग काळा मार्कर माझ्या हातात.
'पाणी चहासारखं': ठेव.
'ल्युसियेन जेवला नाही': झाक.
'बर्फ फुटला, एकोणीस एप्रिल': ठेव.
'आजही बोललो नाही': झाक.
'वास, उकडलेल्या कोबीचा'
तिसऱ्या दिवशी मला शाईच्याच वासानं मळमळू लागलं.

ओदील समोर बसलेली. पोत्यातून तिनं आणखी एक वही काढली,
हुकमाबाहेरची, चार वर्षं आधीची,
आणि एक पान माझ्याकडे सरकवलं.

'आज ल्युसियेननं सांगितलं. रविवारी रात्री झडप तोच उघडतो.
फोरमन टॉर्च धरतो.
मी त्याचे हात धुतले.'

ल्युसियेनला जाऊन तेव्हा तीन हिवाळे झालेले.

हे कुणी मागितलेलं नाही, मी म्हटलं. आपण जिंकलोय.

'म्हणून तर.
ओढून नेऊ नये म्हणून भांडले.
देणार नाही, असं कुठं म्हटलं?'

झेरॉक्स मीच काढली.
काचेवर वही पालथी घालताना आतून काहीतरी घसरलं:
तो चाळीस डॉलरचा चेक, न वटवलेला,
खूण म्हणून ठेवलेला.
मी उचलून परत त्याच पानात घातला.
त्याच पानात घातला असावा.