खालच्या रांगेत, डावीकडून अकरावा

पहिल्यांदा तो माझ्या मशीनवर आला तेव्हा
आठ इंचाचा होता.
पासपोर्टचा फोटो, गळ्यापर्यंत बटण,
मागचा निळा पडदा मी कापून काढला.
इरण्णांची साठी. वीस बाय दहा.
वर मधोमध इरण्णा, कानाला मोबाईल,
शेजारी थोरला सातलिंग, गॉगलात,
मग जावई, मेहुणे, टिपरवाले, मटक्याचे हिशेबवाले.
"हा गुरुशांत. बहिणीकडचा. टाक बे कुठंतरी कोपऱ्यात."

माझे वडील जेकॉर्डवर चादरीत मोर विणायचे.
गिरणी गेली, मोर गेला.
मी माणसं कापतो, चिकटवतो,
कोण कुणाच्या खांद्यामागं, हे मला आधी कळतं,
चौकाला नंतर.

पुढच्या वर्षी तो फुटाचा झाला.
मधे आठ महिने आत होता. सातलिंगची केस
यानं अंगावर घेतली, म्हणे, न सांगता.
आणलेल्या नव्या फोटोत गालाची हाडं होती,
वरचं बटण नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी रांग.
दारू पीत नाही. आवाज चढवत नाही.
भीमेच्या पात्रात रात्री उभ्या ट्रकांच्या ड्रायव्हरांना
पोरांची नावं घेऊन विचारतो: यल्लूचा ताप उतरला का?
व्याजात बुडालेल्या बाईच्या घरी वसुलीला गेला
तर चहा पिऊन उठतो, कप स्वतः विसळतो,
आणि बाई मंगळसूत्र आणून देते.
लग्नांत पंगतीत शेवटी बसतो.
लोक म्हणायचे, पोरगं लई गुणाचं.
मीही म्हणायचो.

इरण्णांना अर्धांगवायू झाला.
सातलिंग मधोमध आला, जरा घाईनं.
त्या फ्लेक्सवर गुरुशांत उजव्या हाताला,
दोन फूट, हात जोडलेले.

गड्ड्याचे पाळणे उतरत होते तेव्हाची गोष्ट.
मंगळवार. तो एकटा आला, स्टुलावर बसला.
"अंबादास, दादाचा एकट्याचा फोटो साफ करून ठेव.
गॉगल काढ."
म्हटलं, गॉगलमागं डोळे नसतात फोटोत.
"मग दुसऱ्या फोटोतले लाव."
मी सातलिंगच्या लग्नातले डोळे काढून लावले,
चोवीस वर्षांचे डोळे, चाळिशीच्या तोंडाला.
कशाला, ते विचारलं नाही.
त्यानं बघितलं, मान हलवली,
ॲडव्हान्स दिला.

रविवारी रात्री होटगी रोडला, बिननंबरचा टिपर.
सोमवारी पहाटे चारला फोन:
"तो फोटो काढ. काळी पट्टी. भावपूर्ण श्रद्धांजली.
शोकाकुलमध्ये नावं पाठवतो."
पहिलं नाव त्याचंच.

चौकशी झाली. दुकानात हवालदार आला,
मी मशीन बंद केली, पाणी दिलं.
त्याला नव्या साहेबांच्या स्वागताचा बोर्ड हवा होता.
सौजन्य म्हणून कुणाचं नाव टाकायचं,
ते चिठ्ठीवर लिहून आणलेलं.

आता फ्लेक्सवर तो एकटाच असतो.
खालची रांग त्यानं बंद केली.
"गर्दी नको," म्हणतो.
त्याला अकरावा माहीत आहे.

ती फाईल अजून आहे माझ्याकडं.
तारीख, मंगळवार, दुपारी सव्वातीन.
पुसायला बोट जातं, परत येतं.
नाव बदलून ठेवलंय फक्त: मोर.
पैसे तो वेळेवर देतो. उधारी नाही.
हेही लिहायला पाहिजे.

सोलापूरच्या उन्हात फ्लेक्स वर्षभर टिकत नाही.
आधी लाल उडतो, मग पिवळा,
मोठमोठी माणसं निळी पडत जातात
बुडून वर आल्यासारखी.
उतरवलेले फ्लेक्स कुणी पत्र्यावर टाकतं,
कुणी मागावर, धूळ बसू नये म्हणून.
एक आई घेऊन गेली.
त्यावर बसून ती विड्या वळते, हजारामागं हजार,
चेहरा खाली, पांढरी बाजू वर.
म्हटलं, अम्मा, कुणावर बसलीयस माहीत आहे का?
तंबाखूचं सूप मांडीवर सरकवत म्हणाली,
"कुणी का असंना. गार लागतंय."