बोटभर हिरवं

कामगार उद्यान म्हणतात, पण कामगार येतात ते झोपायला,
रात्रपाळी सुटली की, तोंडावर रुमाल टाकून.
बाकी दिवसभर मी, माझा पाइप
आणि भिंतीपल्याड सळईची मिल.

पाथ्रीकर सर माघात आले.
घडीची खुर्ची, पाण्याचा डबा, पिशवीत दोन केळी.
मी म्हणलं, तिथं नका बसू, मुंगळे हायेत.
तिथंच बसले.

तीन दिवस नुसता हिरवा कालवत होते.
कागदाला लावायचे, झाडाकडं बघायचे, मान हलवायचे,
उधारीचं गिऱ्हाईक दारात दिसल्यावर
वाणी हलवतो तशी.

चौथ्या दिवशी म्हणले, मावशी,
जालन्यातला लिंब काही सापडंना मला.
कसा सापडंल सर?
तुम्ही झाड काढायलात.
हिथं झाडावर मिल बसलीय.

पानावरून बोट फिरवून दाखवलं.
बोट काळं.
पान हिरवं, बोटभरच.

ते काही बोलले नाहीत.
पोस्टकार्डाच्या कडेनं
पानं खरवडत बसले दुपारपर्यंत,
भुकटी बशीत पाडली,
डिंकाच्या पाण्यात भिजवली, ब्रश बुडवला.

त्याच भट्टीवर होता माझा संतुक.
लाल बिलेट चिमट्यानं ओढायचा.
ठिणगी उडाली त्याला आता दोन वरसं झाली,
डाव्या डोळ्यानं उजेड तेवढा कळतो.

डबा घेऊन आला तो त्या दिवशी.
चित्र तोंडाजवळ धरलं, तिरपं,
टॉर्चसमोर नोट धरावी तसं.
झोपाळा दिसला त्याला, तुटकी घसरगुंडी दिसली,
बाकड्यावर आडवं पडलेलं कुणीतरी.
आन चिमणी?
सर म्हणले, कोणती?
मग दोघंबी हसले, मला आधी कळलंच नाही.

चिमणी नव्हतीच चित्रात. एकबी.
संतुक लिंबाकडं वाकला, नाक लावलं.
म्हणला, ही आमच्याच भट्टीची हाय,
आन हात लावला.
वाळलं नव्हतं अजून.

आभाळात त्याच्या अंगठ्याचा डाग उठला,
रेघा मोजता येतील असा.
मी ओरडले. सर म्हणले, राहू द्या.
तसंच नेलं बांधून, संभाजीनगरच्या बसनं.

नगरपालिकेचा हुकूम हाय,
रोज सकाळी झाडं धुवायची.
पाइप सुरू केला.
लिंबापाशी आले
आणि पाणी जरा वेळ
जमिनीवरच सोडलं.