सैल स्पर्श

उद्यमबागेत भरमा कडोलकरच्या गॅरेजात
सायलेन्सर उलटा धरून हातोडीचे दोन ठोके दिले
की अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडते
पुणे ते हुबळी एवढी काजळी.
वजन असं नाहीच तिला.
बोटाला लागते, बोटाची गालाला,
आणि रात्री डब्याच्या झाकणावर माझाच अंगठा उमटलेला.

'काय करूलैस गं हिचं?' भरमामामा दर शनिवारी विचारतो.
'जाळतो,' मी म्हणते.
(आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात.)
'अगं, जळूनच आलीय की ती.'
अर्धी, मामा. अर्धीच जळून आलीय.

नुसती पेटवायची तर सहाशे अंश लागतात.
सोळा चाकं तवंदीचा घाट चढताना
धापा टाकतात, तेव्हाही
धुराड्यात चारशेच्या वर काटा जात नाही.
उरलेले दोनशे मी शोधते आहे तीन वर्षं,
एका चिमटीभर भुकटीत.

सेरियम ऑक्साइड, त्यात मँगेनीज थोडंसं.
रंग बेसन करपल्यासारखा.
भट्टी शिवलीला हत्तरकीच्या ताब्यात:
पाच तास झाले की ती दार उघडून वास घेते,
'साक' म्हणते, आणि ते पुरे असतं
हे मला यंत्रापेक्षा तिच्याकडून कळतं.

या भुकटीची रीत अशी:
घरात ऑक्सिजन भरलेला,
दारात काजळी आली की आतला काढून देते,
आणि रिकामी झालेली जागा
वाऱ्याकडून भरून घेते.
दिलं-घेतलं कुठं लिहून ठेवत नाही.
भरमामामाला हे सांगितलं तर म्हणाला,
अशी एक तरी सोसायटी दाखव मला खानापूर तालुक्यात.

आता आकड्याचं.
खलात दोन्ही घालून घोट घोट घोटलं
तर तीनशे पंचेचाळीसलाच पेट घेते.
देशनूर सरांना तोच आकडा हवा, ठळक, पहिल्या ओळीत.
पण रस्त्यावर खल कुठला?
तिथं काजळी उडत येते,
मातीच्या जाळीदार विटेवर कशीबशी टेकते,
कणाला कण जेमतेम लागतो न लागतो.
प्रयोगात त्यालाच म्हणतात सैल स्पर्श:
दोन्ही बशीत घ्यायच्या,
चमच्यानं दोन मिनिटं हलवायच्या. बस्स.
घोटायचं नाही, दाबायचं नाही.
मग आकडा चारशे तीस.

घाटाला चारशे. मला चारशे तीस.
मधले तीस अंश कागदावर मिटवता येतात,
तवंदीत येत नाहीत.
मी चारशे तीस लिहिलं.
सरांनी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.
'बघा तुम्ही,' म्हणाले. मराठीत म्हणाले.
चिडले की ते कन्नडवर जातात,
म्हणून अजून आशा आहे.

शिवलीला आणि मी एका टेबलाला अकरा महिने.
तिची पुंडीपल्ल्या, माझी मसूर आमटी,
तिचं मराठी नाव सांगण्यापुरतं,
माझं कन्नड भाव करण्यापुरतं.
कुणी आम्हाला खलात घातलं नाही.
बाहेर कॉलेजच्या पाटीवर कधी या, कधी त्या लिपीवर
डांबर फासलेलं असतं;
तेही मी एकदा खरवडून तपासलं,
वेगळं निघालं. त्याला वेगळी भुकटी लागेल.

गुरुवारी बशी बाहेर आली.
जाताना काळी मिट्ट होती,
आली ती पुन्हा करपल्या बेसनाची,
तोलली तर भुकटी होती तेवढी, कणभर कमी नाही.
काजळी कुठं गेली? नळीतून, बिनरंगी, खिडकीबाहेर.

शिवलीला माझ्याकडं बघून हसली,
स्वतःच्या डाव्या गालावर बोट टेकवलं:
इथं, इथं राहिलीय थोडी.
मी आरशात बघितल्यासारखा
माझा उजवा पुसला.
तिनं मान हलवली.
दुसरा.