जावक

यादी मी केली नाही.
ती वरून आली. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं:
त्यांनी ‘जेतून’ लिहिलं होतं,
जैच्या दोन मात्रा मी पुऱ्या केल्या.
तेवढी एक रेघ माझ्या हातची.

घरांवर नंबर कोतवालाने टाकले, गेरूने.
जांभ्या चिऱ्यावर गेरू दिसेना, म्हणून चुन्याने.
चुन्याचे पैसे निघाले नाहीत
हे तो अजून ऐकवतो.

लाँच सावरखाडीची, नेहमीचीच.
भिवा तांडेलने विचारलं, परतीला डिझेल किती धरू?
म्हटलं, येताना रिकामीच ना, कमी लागेल.
हिशेबाच्या भरात बोलून गेलो.
त्याने आकडा लिहून घेतला.

पहाटे, भरतीला, एकशे ब्याऐंशी.
जेटीवर नावं वाचायला शाळेचे गुरुजी,
कारण त्यांचा आवाज लांब जातो.
मुलं सवयीने ‘हजर’ म्हणाली.

जैतून आमच्या दारी तिसऱ्या मोजायची,
वर एक मूठ जास्त टाकायची.
रांगेतून मला म्हणाली,
भाऊ, कोंबड्या डालल्यात, दुपारी सोडा.
सोडल्या.
म्हणजे, आमच्या परड्यात सोडल्या.

गावात लुटालूट झाली नाही, हे लिहून ठेवा.
नारळ पडतच होते, पडलेला नारळ कुणीतरी उचलणारच.
जाळी कुजली असती.
दारांना वाळवी लागली असती, म्हणून काढली.
शेवंतीवहिनींनी पाटा-वरवंटा आणला
आणि विहिरीवर घासला, घासला,
पार दिवेलागणीपर्यंत.

मग बांगडा स्वस्त झाला. टोपल्याच्या टोपल्या.
श्रावण लांब होता
तरी घराघरांत उपास निघाले.
का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.
भिवाने त्या साली होडी विकली
आणि कातळावर काजू लावली.

परवा ऑडिटला एक पोरगा आला,
चष्मेवाला, चुणचुणीत. जुन्या वह्या काढल्या.
जावक क्रमांक चारशे बारा, नग एकशे ब्याऐंशी,
हस्ते — माझी सही.
पोच कुठंय, म्हणाला. रकाना कोरा आहे.
मी म्हटलं, फार जुनं आहे ते.
त्याने पेन्सिलीने बारीक टिंब केलं, पान उलटलं.
दीड वाजला होता.
घरी नेलं त्याला जेवायला. अंड्यांचं कालवण होतं.
दोनदा मागून घेतलं त्याने.

घरचीच अंडी, मी म्हटलं.