सातवा रकाना

'घटनेच्या वेळी पालक कुठे होते?'
यास्ना म्हणते, मागच्या अंगणात. लाकडं फोडत होते.
कशासाठी?
चुलीसाठी. एलियासला गारठा सोसत नाही.

चिलोए बेटावर जुलैत
चूल विझली की घरच विझतं.
त्याच चुलीच्या पत्र्यावर
अडीच वर्षांचा तळवा.

किती वेळ बाहेर होतात?
सहा ओंडके, ती म्हणते.

सासू दारातूनच: आम्ही सात वाढवले,
एकालाही ओरखडा नाही.
तिला कुणी कधी फॉर्म दिला नव्हता.

एलियास बँडेजचा हात वर करतो,
तिच्याकडेच.
तिच्या बाहीला अजून भुसा.

मी लिहिते: अंगणात.
रकाना तेवढाच.
मग समासात, आडवं,
जागा नसताना: लाकडं, त्याच्यासाठी.