बाकी

अडत दुकानात माझा पहिला प्रोग्राम चालला तेव्हा
कीबोर्डवर हळदीची पूड होती,
एंटरचं बटण तर पार पिवळं.

टोळीत चौघं : दस्तगीरमामू, भूपाल चौगुले,
आणि मिरजेकडनं येणारे दोघे भाऊ,
सगळे त्यांना थोरला-धाकला एवढंच म्हणतात.
दिवसाची हमाली दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.
भागिले चार.
पडद्यावर : ५८६.
सगळ्यांना सारखे. मी खूश.
शेठनी ड्रॉवर लावला.

भूपाल दाराशी थांबून बोटांची पेरं मोजत राहिला.
"तीन रुपयं कुटं गेलं, ताई?"
मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही.
तो काही बोलला नाही.
आकडा कमरेला खोचून निघून गेला.

रात्री विश्रामबागेतल्या खोलीवर सापडलं.
इंटला इंटनं भागलं
की सी उरलेलं सांडून देतं.
पाऊण असलं तरी त्याचा एक करत नाही,
कापतं,
पोत्याच्या तोंडची सुतळी कापावी तसं, आत न बघता.
चौथीत कदमबाई भागाकाराखाली बाकी लिहायला लावायच्या.
नाही लिहिली तर अर्धा मार्क जायचा.

मी फ्लोट लावलं,
अख्ख्या कंसाच्या बाहेरून.
सकाळी पडदा : ५८६.००
दोन शून्यं, इस्त्री केलेली.
भागून झाल्यावर आलेला मोठेपणा.

मामू मागं उभा होता. म्हणाला,
"हरिपुरात पेवात उतरायचो आमी.
झाकण काडून सकाळधरनं उगडं ठेवायचं,
वारं आत जाऊ द्यायचं,
मग मानूस सोडायचा.
मानूस सोडल्यावर झाकण काडून काय उपेग, पोरी?"

त्याला सी येत नाही.
तो हळदीचंच सांगत होता.

मी कंस पुसला.
फ्लोट एकट्या रकमेला चिकटवलं, भागण्याआधी.
५८६.७५
बरोबर.

चौघं वाकून बघत राहिले. मग थोरला हसला,
"पंच्याहत्तर पैसं देनार कोन? नाणंच ऱ्हायलं न्हाई."
शेठनी ड्रॉवरची किल्ली फिरवली.

"आधी काय करायचात?"

आधी दिवाणजी वहीत शेवटी एक ओळ लिहायचे : उरले.
ते उरलेलं जायचं पावडरच्या रिकाम्या डब्यात.
अमावस्येला सौदे बंद,
त्या दिवशी डबा उपडा करून चहा,
जमलं तर खारी.

मी फ्लोट काढून टाकलं.
परत इंट, परत ५८६,
आणि खाली एक ओळ वाढवली
टक्क्याच्या चिन्हाची,
जे सीमध्ये टक्केवारी काढत नाही,
फक्त काय उरलं ते सांगतं.

आता रोज संध्याकाळी पडद्यावर सगळ्यात शेवटी येतं :
डबा ३. कधी डबा १.
भूपाल ते मोठ्यानं वाचतो.
शेठ पुन्हा ड्रॉवर उघडतात.